परराष्ट्रातील सत्तांतर आणि आरोग्यव्यवस्था : महाराष्ट्राच्या अनुभवाच्या आधारे एक चिकित्सा

प्रास्ताविक

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय होय. त्यामुळे उपकेंद्रातील औषधसाठा, ग्रामीण रुग्णालयातील रिक्त पदे किंवा क्षयरोग्याचा औषधोपचार यांचा विचार करताना आपली दृष्टी जिल्हा परिषद, मुंबई आणि फार तर दिल्लीपर्यंत जाते. एखाद्या परक्या देशात सत्तापालट झाल्याने आपल्या तालुक्यातील रुग्णाच्या औषधोपचारावर परिणाम होऊ शकतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

या समजाला अलीकडे मोठा धक्का बसला. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची सूत्रे दुसऱ्यांदा स्वीकारली. त्याच दिवशी त्यांनी परकीय मदत ९० दिवसांसाठी स्थगित करणारा आदेश काढला आणि जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. मार्च २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी यू.एस.एड. या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे सांगितले. केनेडी यांच्या कारकीर्दीत, १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मदतकार्य १ जुलै २०२५ पासून संपुष्टात आले.

या घटनेवर आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. पहिल्या प्रतिक्रियेत मानवतेची मोठी हानी झाल्याबद्दल हळहळ होती. दुसरीत एक प्रकारचे समाधान होते : परक्यांची मदत थांबली ते बरेच झाले, आता आपण स्वावलंबी होऊ. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिली भूमिका मदतीमागील राजकारणाकडे डोळेझाक करते. दुसरी भूमिका आपणही इतरांच्या आरोग्याचे नियंते आहोत, हे विसरते. महाराष्ट्रात घडलेल्या काही घटनांच्या आधारे या दोन्ही भूमिकांची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

विवेचनाच्या दोन कसोट्या

परकीय मदतीचे मूल्यमापन बहुधा रकमेवरून केले जाते. किती कोटी आले आणि किती कोटी बंद झाले, याचे आकडे दिले की विषय संपतो. परंतु केवळ रकमेवरून मदतीचे स्वरूप कळत नाही. म्हणून पुढील विवेचनात दोन प्रश्न कसोटीदाखल घेतले आहेत.

पहिला प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. मदत देण्याचा अथवा थांबवण्याचा निर्णय जो घेतो, तो रुग्णाला कोणत्याही प्रकारे उत्तरदायी आहे काय? लोकशाहीत शासनकर्ता मतदाराला उत्तरदायी असतो. मात्र वॉशिंग्टनमधील निर्णयाचा परिणाम ज्याच्यावर होतो, तो सांगलीचा किंवा अक्रा शहराचा रुग्ण तेथील मतदार नसतो.

दुसरा प्रश्न अवशेषाचा आहे. मदत निघून गेल्यावर मागे काय उरते? संस्था, कारखाना, कायदा, प्रशिक्षित मनुष्यबळ असे काही उरते, की प्रकल्पाची पाटी तेवढी भिंतीवर राहते?

हिवतापाचा धडा

स्वातंत्र्यानंतरच्या काळातील या विषयाचे पहिले मोठे उदाहरण हिवतापाचे आहे. सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या खानदेशच्या डोंगरी पट्ट्याला हा रोग अपरिचित नाही. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख लोक त्यामुळे मरतात, असा अंदाज होता. अमेरिकेच्या तांत्रिक सहकार्यातून डी.डी.टी. आणि वाहने मिळाली. १९५८ मध्ये नियंत्रणाऐवजी निर्मूलन हे ध्येय ठरले. १९६१ पर्यंत नोंदलेल्या रुग्णांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास आली. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात एवढे यश क्वचितच मिळाले असेल.

हे यश टिकले नाही. शीतयुद्धाच्या आरंभकाळात आशियातील देशांना आपल्या बाजूस वळवण्याचा एक मार्ग म्हणून अमेरिकेने हिवताप निर्मूलनात रस घेतला होता. साठीच्या दशकात तो ओसरू लागला. १९६५ च्या भारत-पाक युद्धाच्या वेळी अमेरिकेने नवी आर्थिक मदत थांबवली. पुढील वर्षांत हिवताप पुन्हा पसरला आणि १९७६ मध्ये नोंदलेल्या रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. १९७७ मध्ये निर्मूलनाचे ध्येय सोडून सुधारित कार्ययोजना स्वीकारावी लागली.

या उलटफेराचे खापर केवळ अमेरिकेवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. डासांत डी.डी.टी.विषयी प्रतिकारशक्ती निर्माण झाली होती, शहरी भागाकडे दुर्लक्ष झाले होते, आणि घरोघर जाऊन रक्तनमुने घेणारी देखरेख यंत्रणा ग्रामीण आरोग्यसेवेत नीट सामावली गेली नव्हती. दुसऱ्या कसोटीने पाहिल्यास असे दिसते की, या मदतपर्वातून काही गोष्टी खरोखरच उरल्या. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी उद्योगामुळे डी.डी.टी.चे उत्पादन देशातच होऊ लागले. कारखाना उरला, पण गावपातळीवरील कायमस्वरूपी यंत्रणा पुरेशी उभी राहिली नाही, आणि रोगाला तेवढी फट पुरली.

निधी आणि नीती : मुंबई व सांगली

हिवतापाच्या बाबतीत प्रश्न साधनसामग्रीचा होता. पुढील काळात मदतीबरोबर नैतिक अटीही येऊ लागल्या. ऑगस्ट १९८४ मध्ये मेक्सिको सिटी येथे भरलेल्या लोकसंख्या परिषदेत रेगन प्रशासनाने एक धोरण जाहीर केले. गर्भपाताची सेवा देणाऱ्या, त्याविषयी सल्ला देणाऱ्या किंवा त्याचा पुरस्कार करणाऱ्या परदेशी स्वयंसेवी संस्थांना कुटुंबनियोजनासाठी अमेरिकी निधी मिळणार नाही, असे त्याचे स्वरूप होते. स्वतःच्या वेगळ्या निधीतून हे काम करणाऱ्या संस्थांनाही ही अट लागू होती.

या धोरणाचा पुढील इतिहास उद्बोधक आहे. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी ते रद्द केले, २००१ मध्ये धाकट्या बुश यांनी पुन्हा लागू केले, २००९ मध्ये ओबामांनी रद्द केले, २०१७ मध्ये ट्रम्प यांनी अधिक विस्तृत करून आणले, २०२१ मध्ये बायडेन यांनी काढले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते परत आले. या चार दशकांत स्त्रियांच्या आरोग्याविषयीच्या वैद्यकीय ज्ञानात असा कोणताही बदल झाला नव्हता की ज्यामुळे धोरण दर काही वर्षांनी उलटे-सुलटे व्हावे. बदलला होता तो अध्यक्षाचा पक्ष.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यात एक विशेष संदर्भ आहे. आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघाची स्थापना १९५२ मध्ये मुंबईतच झाली. धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये स्थापन झालेली भारतीय कुटुंबनियोजन संस्था या महासंघाची सदस्य आहे. महासंघाने १९८४ ची अट नाकारली आणि अमेरिकी निधी गमावला. भारतात १९७१ च्या कायद्याने गर्भपात काही अटींवर विधिसंमत आहे. भारतीय संसदेने मान्य केलेल्या वैद्यकीय सेवेविषयी भारतातील संस्थेने भारतीय स्त्रीला काय सांगावे, हे अशा प्रकारे अमेरिकी निवडणुकीवर अवलंबून राहिले.

दुसरे उदाहरण सांगलीचे आहे. वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये एच.आय.व्ही. प्रतिबंधाचे काम करणारी ‘संग्राम’ ही संस्था मीना शेषू यांनी १९९२ मध्ये तेथे सुरू केली. या स्त्रियांनी स्वतःच आपल्या वस्त्यांत निरोध वाटावेत, आपल्या सहकारणींना दवाखान्यात न्यावे, पोलीस आणि गुंड यांच्या जाचाविरुद्ध एकत्र यावे, ही या कामाची पद्धत होती. तीतूनच १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली.

२००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एड्सविरोधी मदतीचा मोठा कायदा केला. ‘पेपफार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या योजनेने आफ्रिकेत लक्षावधी लोकांचे प्राण वाचवले, हे निःसंशय. परंतु त्याच कायद्यात एक अट होती : निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे लेखी धोरण स्वीकारले पाहिजे. ज्या स्त्रियांना विश्वासात घेऊनच काम चालते, त्यांच्याच विरोधातील प्रतिज्ञेवर सही करणे ‘संग्राम’ला शक्य नव्हते. २००५ मध्ये संस्थेने सही नाकारून अमेरिकी निधीवर पाणी सोडले. त्याच वर्षी ब्राझीलनेही याच कारणासाठी सुमारे चार कोटी डॉलरची मदत नाकारली.

या प्रकरणाचा न्यायालयीन शेवट पहिल्या कसोटीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला की, अशी प्रतिज्ञा अमेरिकी संस्थांवर लादणे हे त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, हे संरक्षण परदेशी संस्थांना मिळणार नाही. म्हणजे न्यूयॉर्कमधील संस्थेसाठी जी अट घटनाबाह्य, तीच सांगलीतील संस्थेसाठी वैध! उत्तरदायित्वाचा अभाव म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही. मदतीच्या करारात परदेशी रुग्ण लाभार्थी असतो, हक्कधारक नसतो.

२०२५ : काय बंद पडले, काय टिकले

या पार्श्वभूमीवर २०२५ मधील घटनांचे परीक्षण केले पाहिजे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी चालवली जाणारी ‘मित्र’ ही आरोग्यकेंद्रे हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथे यू.एस.एड.च्या निधीवर चालत होती. २०२५ च्या आरंभी निधी थांबताच ती बंद पडली. हैदराबादचे केंद्र पुढे देशी न्यासाच्या साहाय्याने वेगळ्या नावाने सुरू होऊ शकले. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत ज्यांची कुचेष्टा होते, अशा माणसांसाठी ही केंद्रे म्हणजे आदराने वागवले जाण्याचे थोडे ठिकाण होते. समाजातील सर्वांत उपेक्षित घटकाची सेवा परकीय निधीवर सोपवलेली होती आणि म्हणूनच ती सर्वांत आधी बंद पडली, ही बाब विसरता येणार नाही.

याच वेळी भारतातील एच.आय.व्ही. रुग्णांचा मुख्य औषधोपचार मात्र थांबला नाही. १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम क्रमाक्रमाने देशी खर्चावर आला. १ एप्रिल २००४ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह काही निवडक केंद्रांवर मोफत औषधे मिळू लागली. २०२१ ते २०२६ या कालावधीच्या पाचव्या टप्प्यासाठी १५ हजार कोटींहून अधिक रुपयांची तरतूद पूर्णतः केंद्र सरकारची होती. दक्षिण आफ्रिकेतही अशीच स्थिती दिसते. तेथील एच.आय.व्ही. कार्यक्रमात ‘पेपफार’चा वाटा सुमारे १७ टक्के होता. औषधे सरकारच्या पैशांनी येत असल्याने ती चालू राहिली, परंतु वस्त्यांमध्ये जाऊन रुग्णांना शोधणारे, त्यांची चाचणी घेणारे हजारो कर्मचारी कमी झाले.

तिसरे उदाहरण माहितीसंकलनाचे आहे. यू.एस.एड.च्या पैशांवर अनेक गरीब देशांत लोकसंख्या व आरोग्यविषयक सर्वेक्षणे होत असत. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा जागतिक कार्यक्रम थांबवला गेला आणि अनेक देशांसमोर आपल्या बालमृत्यूंची, कुपोषणाची विश्वसनीय मोजणी कशी करावी, हा प्रश्न उभा राहिला. भारताचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच कुळातील आहे. १९९२-९३ ची पहिली फेरी यू.एस.एड.च्या साहाय्याने झाली. परंतु ती मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पार पाडली. १९५६ पासून कार्यरत असलेली ही संस्था, तेथे तयार झालेले संशोधक आणि पुढे सरकारने वाढत्या प्रमाणात उचललेला खर्च यांमुळे मोजणीचे कौशल्य आपल्याकडे मुरले.

तीनही उदाहरणे एकत्र पाहिली म्हणजे निष्कर्ष असा निघतो : जेथे मदतीतून संस्था उभी राहिली आणि शासनाने तिचा खर्च आपला मानला, तेथे सत्तांतराचा तडाखा सौम्य झाला. जेथे सेवा केवळ प्रकल्पाच्या वेतनावर चालत होती, तेथे एका आदेशाने दार बंद झाले.

नाण्याची दुसरी बाजू : मुंबई-पुण्याहून जगाकडे

येथपर्यंतचे विवेचन आपल्याला सहन करणाऱ्याच्या भूमिकेत दाखवते. स्वावलंबनाचे समर्थक येथेच थांबतात. परंतु महाराष्ट्र हा औषधे आणि लसी यांच्या उत्पादनाचे जागतिक केंद्र आहे, आणि म्हणून आपल्या देशातील राजकीय निर्णयही दूरदेशीच्या रुग्णांवर परिणाम करीत आले आहेत.

१९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे बंद केले. केवळ निर्मितिप्रक्रियेवर ते ठेवले. या कायद्याच्या आश्रयाने भारतीय औषधउद्योग वाढला. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला या कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये एड्सच्या तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलर दराने, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत, देण्याची तयारी दाखवली. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. आफ्रिकेतील उपचाराचे चित्र त्यानंतर पालटले. दिल्लीत तीस वर्षांपूर्वी झालेल्या कायद्याचे हे दूरगामी फळ होते.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून भारताला पदार्थ-पेटंट पुन्हा स्वीकारावे लागले. मे २००४ मध्ये दिल्लीत सत्तांतर होऊन डाव्या पक्षांच्या बाहेरून पाठिंब्यावर नवे सरकार आलेले होते. त्या पक्षांच्या आग्रहामुळे आणि रुग्णसंघटनांच्या दबावामुळे सुधारणा कायद्यात काही संरक्षक तरतुदी आल्या. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून पेटंटची मुदत वाढवण्यास आळा घालणारे कलम ३(ड) त्यांपैकीच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या कर्करोगावरील औषधाबाबत हे कलम उचलून धरले. मार्च २०२३ मध्ये चिवट क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत लांबवू पाहणारा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्याला आक्षेप घेणाऱ्या दोघी जणी क्षयरोगातून बऱ्या झालेल्या होत्या : मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. विशेष म्हणजे २०१६ मध्ये भारताच्या सरकारी कार्यक्रमात हे औषध प्रथम आले ते याच कंपनीने यू.एस.एड.च्या द्वारे दिलेल्या देणगीतून. देणगीतून औषध मर्यादित रुग्णांपर्यंत पोचले. कायद्यातील कलमाने ते स्वस्तात निर्माण करण्याचा मार्ग मोकळा केला.

ही उदाहरणे आपल्याला अभिमान वाटावा अशी आहेत. पुढील उदाहरण मात्र अभिमानाबरोबर आत्मपरीक्षणही मागते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेतील मेंदूज्वरावर अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची लस तयार केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून तिचा वापर सुरू झाला आणि पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली. या विश्वासावरच २०२१ मध्ये गरीब देशांना कोविडची लस पुरवणाऱ्या ‘कोवॅक्स’ योजनेने आपली मुख्य भिस्त पुण्यावर ठेवली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी योजनेच्या पहिल्या सहा लाख मात्रा घाना देशात उतरल्या, त्या पुण्याच्याच होत्या.

महिनाभरात परिस्थिती पालटली. महाराष्ट्रासह देशात दुसरी लाट उसळली आणि मार्चच्या अखेरीपासून लसींची निर्यात जवळजवळ थांबली. अधिकृत बंदीचा आदेश निघाला नाही, पण परवानग्या मिळेनाशा झाल्या. ‘कोवॅक्स’ला होणारा पुरवठा नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. दरम्यान घाना, केनिया यांसारख्या देशांत पहिली मात्रा घेतलेली माणसे दुसरीची वाट पाहत राहिली. त्याच सुमारास, एप्रिल २०२१ मध्ये, सीरमचे प्रमुख अदर पूनावाला अमेरिकी अध्यक्षांना कच्च्या मालाच्या निर्यातीवरील निर्बंध उठवण्याची जाहीर विनंती करीत होते. अमेरिकेने स्वतःच्या उत्पादकांना अग्रक्रम दिल्याने पुण्यात अडचण आणि पुण्यातून पुरवठा थांबल्याने अक्रा शहरात अडचण, अशी ही साखळी होती.

त्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या गावोगावी काय घडत होते, हे खानदेशच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. आपल्या माणसांना आधी लस मिळावी, असे शासनाला वाटणे स्वाभाविक होते. आक्षेप त्या भावनेवर नाही. मुद्दा असा की, अमेरिकी शासनकर्ता २०२५ मध्ये आपल्या मतदारांकडे पाहून जे करतो, तेच २०२१ मध्ये आपल्या शासनाने केले. दोहोंत फरक आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही : एकाने अभूतपूर्व संकटात पुरवठा थांबवला, दुसऱ्याने संकट नसताना मदत मोडीत काढली. परंतु घानामधील परिचारिकेच्या दृष्टीने दोन्ही निर्णय सारखेच. तिला कोणी विचारले नव्हते आणि तिच्याकडे दाद मागण्याची जागा नव्हती.

प्रचलित भूमिकांतील उणिवा

या विवेचनाच्या प्रकाशात प्रारंभी उल्लेखिलेल्या दोन्ही भूमिकांतील उणिवा स्पष्ट होतात. मदतीकडे निव्वळ मानवतेचे कार्य म्हणून पाहणारी भूमिका १९८४ आणि २००३ च्या अटींचा अर्थ लावू शकत नाही. दाता जेव्हा देतो तेव्हा आपली नीतीही देतो, आणि सत्ता बदलली की नीतीही बदलते.

स्वावलंबनाची भूमिका अधिक आकर्षक आहे, पण ती दोन प्रश्नांपाशी अडते. पहिला असा की, देशी पैसा असला म्हणजे सेवा अखंड राहतेच असे नाही. मार्च २०२४ मध्ये क्षयरोगाच्या औषधांचा देशभर तुटवडा झाला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. त्या वेळी कोणत्याही परक्या देशात सत्तांतर झाले नव्हते. दुसरा प्रश्न असा की, प्रत्येक देशाने केवळ स्वतःपुरते पाहण्याचे ठरवले, तर पुण्याची लस आणि मुंबईची गोळी यांवर विसंबून असलेल्या देशांनी काय करावे? विकसनशील देशांत दात्यांच्या निधीतून घेतल्या गेलेल्या एड्सच्या औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक औषधे एके काळी भारतीय जेनेरिक होती, आणि त्यांतील बराच पैसा ‘पेपफार’चाच होता. अमेरिकेच्या मदतीत कपात झाली की आफ्रिकेतील रुग्णाबरोबर आपला उद्योगही त्याची झळ सोसतो. संपूर्ण स्वावलंबन ही कल्पना या व्यवहारात बसत नाही.

खानदेशच्या दृष्टीने

साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील पाड्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे हंगामात दक्षिण गुजरातच्या साखरपट्ट्यात ऊसतोडीसाठी जातात. त्यांतील क्षयरोग्याला किमान सहा महिने अखंड औषधे घ्यावी लागतात. गाव सुटले, उपचाराची नोंद एका राज्यात आणि माणूस दुसऱ्या राज्यात राहिला, त्यात औषधांचा तुटवडा आला, तर उपचार खंडित होतो आणि साधा क्षयरोग चिवट बनतो. अशा रुग्णाला औषध आज कोणाच्या पैशाने मिळते, याच्याशी कर्तव्य नसते; पुढच्या महिन्यात ते मिळेल की नाही, याच्याशी असते. सर्व धोरणचर्चेची अंतिम परीक्षा येथे व्हावयास हवी.

आपल्या महाविद्यालयांना या बाबतीत एक छोटे परंतु उपयुक्त काम करता येण्याजोगे आहे. तालुक्यात चालणाऱ्या प्रत्येक आरोग्य कार्यक्रमाचा पैसा कोठून येतो, त्यातील किती कर्मचारी कंत्राटी आहेत, आणि निधी थांबला तर कोणती सेवा कोणत्या महिन्यात थांबेल, याची नोंद राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावी. जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवता येईल अशी ही माहिती आहे. दात्याचे नाव आणि रक्कम फलकावर लिहिली जाते. अवलंबित्वाची मोजणी मात्र कोणी करीत नाही.

समारोप

परराष्ट्रातील सत्तांतरे आपण थांबवू शकत नाही. त्यांचा आघात कोठे जोराने बसतो आणि कोठे सौम्य होतो, हे मात्र आपल्या निर्णयांवर अवलंबून असते. देवनारची संस्था, एड्स कार्यक्रमाची देशी तरतूद आणि पेटंट कायद्यातील कलम यांनी जे साधले, ते केवळ निधीने साधले नसते. म्हणून कोणतीही मदत स्वीकारताना ती किती वर्षांनी शासनाच्या नियमित अंदाजपत्रकात येणार, हे करारातच नमूद असावे. उपेक्षित समाजघटकांच्या सेवा प्रथम देशी खर्चावर घ्याव्यात, कारण परक्या सत्तांतराचा पहिला वार त्यांच्यावरच होतो.

याच न्यायाने, पुण्या-मुंबईतून जगाला होणारा औषधपुरवठाही लेखी बांधिलकीवर आधारलेला असावा. संकटकाळात किती साठा देशासाठी आणि किती बाहेरच्यांसाठी, हे संकट येण्यापूर्वी ठरलेले असावे. आपल्या क्षयरोग्याच्या औषधाची हमी वॉशिंग्टनच्या मर्जीवर असू नये असे आपण म्हणतो, तेव्हा घानातील बालकाच्या लसीची हमीही दिल्लीच्या मर्जीवर असू नये, हे मान्य करणे क्रमप्राप्त ठरते.